जबानी बदलली म्हणून माणूस खोटा ठरत नाही

परवा रात्री मावशीने तिच्या लेकीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, एक मेसेज पाठवला. बहीण समुपदेशनाचा कोर्स करतेय. युद्धामुळे घरदार सोडावं लागलेल्या निर्वासितांसोबत काम करायचं तिच्या मनात आहे आणि मावशीला ते अजिबात पसंत नाही. मेसेजखाली मावशीची एकच ओळ होती : ‘वाच. असल्या नाटकी लोकांपायी आयुष्य घालवणार का?’ बहिणीने तो माझ्याकडे ढकलला. तोवर तो आमच्या दोन ग्रुपांवर फिरूनही आला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पीटीएसडी (भयंकर आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) हे पाश्चात्त्यांनी काढलेलं खूळ आहे. दोन, शंभरातले नव्वद निर्वासित मनोरुग्ण असतात आणि म्हणून धोकादायक असतात. तीन, सुरक्षित देशात पोचलं की सहा महिन्यांत माणूस पूर्ववत होतो, झाला नाही तर तो आळशी. चार, त्यांच्या जबान्या दर वेळी बदलतात, म्हणजे सगळं व्हिसासाठीचं नाटक. पाच, खरंच दुखत असेल तर एकदा बसवून सगळं वदवून घ्या, रडू द्या, विषय संपला.

म्हणजे आजार अस्तित्वातच नाही, तरी तो नव्वद टक्के लोकांना आहे आणि ते सगळे नाटक करताहेत. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः तरी तो एकदा वाचला होता का?

चौथ्या मुद्द्यापासूनच सुरू करते. बाकीचे मुद्दे अडाणीपणाचे आहेत, हा घातक आहे. आश्रय मागणाऱ्याचा अर्ज फेटाळताना ‘जबानीत विसंगती’ हे कारण खरोखरच दिलं जातं. मेसेजमध्ये लिहिलंय, ‘आधी सांगतात सैनिक तीन होते, मग म्हणतात पाच होते. ज्याने खरंच भोगलंय तो एकही तपशील विसरत नाही.’

नेमकं उलट आहे. जिवाच्या भीतीने माणसाचं लक्ष एका जागी खिळतं, बंदुकीच्या नळीवर नाहीतर पोराच्या हातावर. मागे किती जण उभे होते, सकाळ होती की दुपार, हे मनात नीट नोंदलंच जात नाही. पुढे ती आठवण सलग गोष्टीसारखी येत नाही, तुकड्यातुकड्यांनी अंगावर येते, एखादा वास, एखादा आवाज. तारखा आणि क्रम माणूस नंतर जुळवत बसतो, आणि दर वेळी थोडे वेगळे जुळतात. त्यात आठवण टाळणं हेच या आजाराचं एक मुख्य लक्षण. बलात्कार झालेली बाई पहिल्याच मुलाखतीत परक्या अधिकाऱ्याला आणि शेजारी बसलेल्या दुभाष्याला ते सांगेल, ही अपेक्षा कोण करतं? तिसऱ्या भेटीत सांगितलं की मात्र म्हणायचं, ‘आधी का नाही बोललीस?’

हे माझं मत नाही. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या 39 कोसोव्हन आणि बोस्नियन निर्वासितांना त्यांनी तोच प्रसंग दोन वेगवेगळ्या मुलाखतींत विचारला. दोन जबान्यांत तफावती सर्रास आढळल्या. ज्यांना पीटीएसडीचा त्रास जास्त होता, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधला काळ जितका लांबला तितक्या त्या वाढल्या. आणि चुकत होते ते मुख्यतः कडेचे तपशील, गाभ्यातले कमी. यातली खरी मेख पुढेच आहे. या लोकांना ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आधीच मिळालेली होती. खोटं बोलून त्यांना मिळवायचं काहीच नव्हतं. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण ‘विसंगती म्हणजे लबाडी’ या समीकरणाला भगदाड पाडायला तो पुरेसा आहे.

दूर कशाला जायचं? मावशीच्या रिक्षाला अपघात झाला होता ती हकीकत आम्ही सगळ्यांनी निदान चार प्रकारे ऐकलीय. एकात ट्रक डावीकडून येतो, एकात समोरून. मावशीला कुणी खोटारडी म्हटलेलं मला आठवत नाही.

आता बाकीचं. पाश्चात्त्य खूळ? अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. पीटीएसडी हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत 1980 साली आलं, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. युद्धातल्या प्रत्येक दुःखाला आजाराचं लेबल लावू नका, हे डेरेक समरफील्ड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानेही बजावून सांगितलंय आणि त्यात तथ्य आहे. पण नाव नवं म्हणून दुखणं नवं ठरत नाही. 1915 मध्येच डॉक्टर ‘शेल शॉक’बद्दल, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अशाच त्रासाबद्दल, लिहीत होते. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांमध्ये वर्षानुवर्षं टिकणारा त्रास नॉर्वेच्या लिओ आयटिंगरने अभ्यासला. तो स्वतः आउशवित्झमधून वाचलेला होता.

नव्वद टक्के कुठून आले, ते मेसेज सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये संघर्षग्रस्त भागांचा अंदाज मांडला तो सगळे मानसिक आजार धरून सुमारे 22 टक्के, म्हणजे पाचात एक. पाश्चात्त्य देशांत स्थायिक झालेल्या सुमारे 7,000 निर्वासितांच्या 2005 सालच्या आढाव्यात पीटीएसडी 9 टक्क्यांच्या आसपास निघाला. इतर आढाव्यांत आकडा याहून बराच वर जातो, कारण कोणाला, कुठे आणि कसं विचारलं यावर तो हलतो. चिडचीड, संताप ही लक्षणं आहेत हे खरं. पण बहुतेकदा या माणसाला लोकांत मिसळायचंच नसतं. रात्री झोप नाही, दार आपटलं की दचकतो. अशाला धोकादायक म्हणायचं?

सहा महिन्यांचं गणित तर हास्यास्पद आहे. कंबोडियात लाखोंचे बळी घेणाऱ्या, पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीतून वाचून कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला वसलेल्या कंबोडियनांची पाहणी दोन दशकांनी झाली, तेव्हा 62 टक्के लोकांना पीटीएसडी होता. (हा आकडा जास्त का, हे पोल पॉटबद्दल वाचलेल्याला विचारावं लागणार नाही.) शिवाय पोचणं म्हणजे सुटणं नव्हे. ऑस्ट्रेलियात इराकमधल्या मँडियन या छोट्या धार्मिक अल्पसंख्य समाजातल्या निर्वासितांचा अभ्यास झाला. त्यात कायम राहण्याची परवानगी असलेल्यांपेक्षा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना त्रास जास्त होता. उद्या हाकलतील या धास्तीत जखम भरणार कशी?

‘एकदा वदवून घ्या’ हा उपाय लोकांनी मनापासून करून पाहिलाय. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याचे जे प्रयोग झाले, त्यांच्या आढाव्यात फायदा दिसला नाही, उलट काहींना अपाय झाल्याची शंका आली. बोलण्याने गुण येतो, पण सावकाश, अनेक बैठकांत, जन्मापासूनची सगळी हकीकत क्रमाने लावत. युगांडातल्या नाकिवाले वसाहतीत रवांडन आणि सोमाली निर्वासितांवर हे करून पाहिलं गेलं, आणि त्यातले समुपदेशक स्वतः निर्वासितच होते, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले. बऱ्याच लोकांचा त्रास खरोखर उतरला. माझ्या बहिणीला हेच शिकायचंय.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मामांनी पसंतीचा अंगठा टाकला, बहुधा न वाचता. मावशीचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, ग्रुपवर नाही, वेगळं, फक्त मला : ‘त्या एकोणचाळीस जणांना परवानगी खरंच आधीच मिळाली होती?’

हो मावशी. आधीच मिळाली होती.