दहा तास पुरत नाहीत

गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "अहो, लेकीला लायसन्स मिळून तीन महिने झाले. अजून तुम्ही शेजारी बसता?" हो, बसतो. अजून वर्षभर तरी बसणार आहे. दहावी-बारावीतली मुलं असलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून का बसतो ते सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वी भाचा आमच्याकडे शिकायला होता, सोळा वर्षांचा. संध्याकाळचा क्लास, बस वेळेवर मिळेना, म्हणून स्कूटरची किल्ली मीच त्याच्या हातात दिली. जूनचा पहिला पाऊस होता. पुण्यात कर्वेनगरातल्या एका वळणावर, नेमका ड्रेनेजच्या झाकणावर, त्याने पुढचा ब्रेक दाबला. गाडी घसरली, मनगट मोडलं. मागचा टेम्पोवाला कसाबसा थांबला. मी पोहोचलो तेव्हा तो फुटपाथवर डोकं धरून बसला होता. ताईला फोन लावला आणि मला शब्दच सुचेनात. स्कूटर चालवायला भाच्याला उत्तम येत होती. पण पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून बुळबुळीत थर होतो, ओल्या लोखंडावर ब्रेक दाबायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं. मुळात किल्ली द्यायलाच नको होती.

कायद्यात हे स्पष्ट आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आपल्या दारातल्या स्कूटर ११०-१२५ सीसीच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांनी सांगितलं, आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला. सगळं पुणं संतापलं. मीही संतापलो, तो राग योग्यच होता. पण त्या आठवड्यातही आमच्या भागातल्या क्लासबाहेर अकरावीच्या मुलांच्या स्कूटर तशाच ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या किल्ल्या आपण घरातूनच दिलेल्या असतात.

बरं, अठरा पूर्ण झाल्यावर तरी काय शिकवतो आपण? ड्रायव्हिंग स्कूलला मोटारीसाठी नियम आहे: किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास. क्लच, गिअर, चढावर थांबवून गाडी पुन्हा उचलणं, आठचा आकडा, रिव्हर्स. टेस्टपुरतं हे ठीक आहे. माझी मावसबहीण सिडनीत असते. तिच्या मुलाला टेस्टला बसण्याआधी १२० तास चालवल्याची नोंद वहीत करावी लागली, त्यातले २० तास रात्रीचे. टेस्ट पास झाल्यावरही पहिल्या टप्प्यात रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत एकवीसच्या आतला एकच मित्र गाडीत चालतो, मोबाइल तर अजिबात नाही. आपल्याकडे लायसन्स हातात पडलं की त्याच रात्री चार मित्र घेऊन लोणावळ्याला जाता येतं.

सरकार करेल तेव्हा करेल, मी घरात वही घातली. दोनशे पानी. तारीख, रस्ता, वेळ, पाऊस होता का, काय चुकलं.

सुरुवात रविवारी सकाळी सहाला, म्हात्रे पूल ते राजाराम पूल. पहिल्याच दिवशी गाडी कडेला लावून आम्ही खाली उतरलो. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर गाडी साधारण ३३ मीटर पुढे गेलेली असते. ते ३३ मीटर आम्ही पावलांनी मोजले. जवळजवळ तीन पीएमपी बस एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर! लेक त्या टोकाला उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून गाडीत बसल्यावर ती फोन स्वतःहून मागच्या सीटवर ठेवते.

मग बोलत चालवणं. जे दिसतंय ते मोठ्याने सांगायचं. "डावीकडे रिक्षा, कडेचा माणूस हात करतोय, म्हणजे ती थांबणार." "बसस्टॉपवरची बस उजवा इंडिकेटर देतेय, जाऊ दे तिला." कर्वे रोडवर मेट्रोच्या खांबाआडून माणूस अचानक पुढ्यात येतो, आता ती खांब दिसला की आधी वेग कमी करते. मला यात सगळ्यात जास्त समाधान आहे. हात-पाय दहा तासांत शिकतात. पुढे काय होणार हे ओळखायला डोळ्यांना फार वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी शेजारी बसूनच द्यावा लागतो.

स्कूटरवर मी मागे बसतो. हेल्मेट दोघांनाही, पट्टा लावून. पुण्यात हेल्मेटवर वाद घालण्यात आपण फार वर्षं घालवली, मला त्यावर आणखी बोलायचं नाही.

पुढच्या महिन्यात कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल. तो उतार आधी दुपारी करायचा, मग रात्री. उतारावर न्यूट्रल नाही, गिअरमध्येच उतरायचं, आणि मागे ट्रक असेल तर त्याच्या पुढ्यात रेंगाळायचं नाही. डिझेल वाचवायला काही जण ट्रक न्यूट्रलवर सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि लागेनासे होतात. हे तिला तिथे जाण्याआधी माहीत असलं पाहिजे.

वहीत काल रात्री ४३ तास झाले. रविवारी सहाला आम्ही म्हात्रे पुलाजवळ असू. ज्यांच्या मुलांनी लर्निंग लायसन्स काढलंय त्यांनी एल लावून, मुलांच्या शेजारी बसून या. वही मी दाखवतो, हवी तर तिचे फोटो काढून घ्या.