‘अ‍ॅडव्हान्स्ड रिपोर्टिंग’च्या पेपरात 67-3-क का नाही?

चार वर्षांची पदवी आली आणि पत्रकारितेचे अभ्यासक्रम पुन्हा लिहायला घेतले गेले. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेकांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड रिपोर्टिंग’ नावाचा पेपर आहे. आत मोजो (मोबाइलवरची पत्रकारिता), ड्रोन, डेटा व्हिज्युअलायझेशन आणि हल्ली एआय. असू दे. पण मोबाइलवर व्हिडिओ कापायला आजची पोरं आपल्यालाच शिकवतील. त्यांना येत नाही ते महापालिकेच्या स्थायी समितीची (खर्चाला मंजुरी देणारी समिती) विषयपत्रिका वाचणं. बीटवरच्या, म्हणजे एकच क्षेत्र कायम कव्हर करणाऱ्या, अनेक बातमीदारांनाही येत नाही म्हणा, प्रेसनोट आली की त्यांचं भागतं.

मी पुण्यात पालिका बीट केलंय आणि अधूनमधून तास घ्यायला जातो (मानधन कधी मिळतं ते विचारू नका). वर्गात एक जुनी विषयपत्रिका वाटतो. ‘वर्गीकरणाने तरतूद उपलब्ध करून देणे’ ही ओळ सगळे वाचून पुढे जातात. बातमी तिथेच असते! एका कामाला अंदाजपत्रकात ठेवलेले पैसे काढून दुसऱ्याला दिलेत. कुठून काढले, कोणत्या प्रभागात गेले, हे दोन प्रश्न विचारले की वर्ग जागा होतो.

मग 67-3-क. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या या कलमाखाली आयुक्त तातडीचं काम निविदेची वाट न पाहता करून घेऊ शकतात आणि स्थायी समितीला कळवतात. नाल्याची भिंत पडली तर हे हवंच. पण पावसाळा दरवर्षी जूनच्या आसपासच येत असताना पावसाळापूर्व काम ‘तातडीचं’ म्हणून आलं, तर भुवई उंचावायला हवी. ती कधी उंचवायची, हे शिकवणं म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड.

मार्च 2022 मध्ये पुणे-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुकीला थेट जानेवारी 2026 उजाडलं. मधल्या काळात प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच मुख्य सभा. विरोधी नगरसेवक सभेत आरडाओरडा करणार आणि आपण तो उतरवून घेणार, या सवयीचे वांधे झाले. बातम्या मिळाल्या त्या कागद वाचता येणाऱ्यांना.

2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी काय केलं, ते आठवा. वेगवेगळ्या मराठी दैनिकांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर आलेला तोच मजकूर त्यांनी शेजारी शेजारी ठेवला आणि उमेदवाराचा खर्चाचा हिशेब उघडला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता 5,379 रुपये. पुढे निवडणूक आयोग, न्यायालय असा वाद बराच चालला, चव्हाणांना दिलासाही मिळाला. पण ‘पेड न्यूज’वर (पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर) देशभर चर्चा पेटली ती रद्दीत जाणारे अंक आणि कोणालाही मागता येणारा हिशेब यांवरून. छुपा कॅमेरा वगैरे काही नाही. हा धडा करायला वर्गात खर्च किती? जुन्या अंकांपुरता.

माहिती अधिकाराचंही तेच. नोट्समध्ये ‘2005 चा कायदा, फी 10 रुपये’ एवढं असतं, पण अर्ज कोणी टाकलेला नसतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. कॉपी (बातमीचा मजकूर) आवळायचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पहिलं अपील, त्याच्या निर्णयाला 30 ते 45 दिवस. म्हणजे अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात गेला पाहिजे. दिवाळीनंतर सुचलं तर परीक्षा होऊन जाते, उत्तर येत नाही. आणि अर्जावर मुलाच्या घरचा पत्ता नको, विभागाचा टाका. तळेगावच्या सतीश शेट्टींचा जानेवारी 2010 मध्ये खून झाला, ते माहिती अधिकार कार्यकर्ते होते. विशीतल्या पोराला एकट्याने पुढे करायचं नसतं.

शिकवणार कोण, हा प्रश्न आहेच. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएचडीवाल्यांनी बीट केलेलं नसतं, बीटवाल्यांकडे नेट नसते. यूजीसीने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट काढली, 15 वर्षांच्या अनुभवावर. पत्रकारिता विभागांनी ती वापरावी. इंटर्नशिपवर भिस्त ठेवू नका, तिथे पोरं प्रेसनोटा टाइप करून परत येतात.

माहिती अधिकारातलं दुसरं अपील माहिती आयोगात गेलं की पदवी हातात पडेल, सुनावणीची तारीख पडणार नाही. म्हणून फाइल विभागात राहावी, पुढच्या बॅचने पुढे न्यावी. हे सुचवलं की विभागप्रमुख हमखास विचारतात, मुलांनी विद्यापीठाच्याच परीक्षा विभागात अर्ज टाकला तर? टाकू देत की! विद्यापीठही त्याच कायद्यात बसतं, आणि पुनर्मूल्यांकनाचे निकाल का रखडतात, यात या पोरांइतका रस दुसऱ्या कुठल्या रिपोर्टरला असणार?