‘एक इनिंग टाकून महान’: मारियानो रिव्हेराबद्दलच्या दाव्याचा हिशोब

क्रिकेट बघणाऱ्यांत बेसबॉलचा विषय निघाला की हा दावा थोड्याफार फरकाने पुढे येतोच: “न्यूयॉर्क यांकीजच्या मारियानो रिव्हेराने एकोणीस वर्षं सामन्याला एकच इनिंग टाकली, तीही संघ तीन धावांनी पुढे असताना. त्याला एकच चेंडू यायचा. आघाडी टिकवल्याबद्दल मिळणारा ‘सेव्ह’ हा तर फुकटचा आकडा. स्टार्टर म्हणून तो नापास झाला होता. २००१ आणि २००४ मध्ये ऐन वेळी ढेपाळला. आणि थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीला, हॉल ऑफ फेमला, मतं किती? शंभर टक्के, जी बेसबॉलचा महानायक बेब रूथलाही मिळाली नाहीत!”

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणून तर दावा पटतो. एकेक घेऊ.

“सामन्याला एकच इनिंग”

एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन जण बाद होतात आणि सामना नऊ इनिंगचा. चेंडू टाकणारा तो पिचर. सामन्याची सुरुवात करणारा पिचर तो स्टार्टर, नंतर येणारे ते रिलीव्हर आणि त्यांतला शेवटची इनिंग टाकणारा तो क्लोजर. रिव्हेरा क्लोजर झाला १९९७ मध्ये. त्याआधी, १९९६ साली, क्लोजर होता जॉन वेटलँड आणि रिव्हेरा त्याच्या आधीच्या, म्हणजे बहुधा सातव्या-आठव्या इनिंगचा पिचर. त्या मोसमात त्याने ६१ सामन्यांत १०७⅔ इनिंग टाकल्या, म्हणजे दर खेपेला सरासरी पावणेदोन, आणि १३० जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे फटका न बसू देता बाद केलं. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला, तोही क्लोजर नसताना.

मोसमानंतरच्या बाद फेरीत तर “एकच इनिंग” हे साफ चूक. तिथे त्याच्या ९६ सामन्यांत १४१ इनिंग आहेत. तीनने गुणा: ४२३ बळी, म्हणजे सामन्याला साधारण साडेचार. आठव्या इनिंगमध्येच त्याला आणणं ही मॅनेजर जो टोरी यांची बाद फेरीतली नेहमीची चाल होती. आणि तीन धावांची आघाडी? १६ ऑक्टोबर २००३, बोस्टनविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. रिव्हेरा आला तेव्हा ५-५ अशी बरोबरी होती. त्याने नववी, दहावी, अकरावी अशा तीन इनिंग बिनधावेच्या काढल्या आणि अकरावीत एरन बूनच्या होम रनवर, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यावर, यांकीज जिंकले. यात त्याच्या नावावर सेव्ह नाही, कारण वाचवायला आघाडीच नव्हती.

आणखी एक गोष्ट आकड्यांत कुठेच दिसत नाही. रिलीव्हरला सामन्यात उतरण्याआधी बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या सरावाच्या जागेत, हात गरम करावा लागतो, आणि ते चेंडू सामन्याच्या आकडेवारीत धरत नाहीत. कधी हात गरम होतो, तेवढ्यात आपला संघ पाच धावा काढतो, मॅनेजर दुसऱ्यालाच पाठवतो. खांद्या-कोपराची झीज व्हायची ती होतेच. स्टार्टरला साधारण चार दिवसांची विश्रांती ठरलेली. रिलीव्हरला उद्या खेळायचं की नाही हे उद्या संध्याकाळीच कळतं. अशा दिनक्रमात रिव्हेरा १,११५ सामने खेळला. मे २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत सरावात उंच झेल घेताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी परत येऊन त्याने ४४ सेव्ह केले.

“सेव्ह हा फुकटचा आकडा”

हे बऱ्याच अंशी मान्य. जिंकणाऱ्या संघाचा शेवटचा पिचर, जो स्वतः विजयी पिचर ठरलेला नाही, त्याला सेव्ह तीन प्रकारे मिळतो: तीन किंवा कमी धावांच्या आघाडीवर येऊन किमान एक इनिंग टाकली, किंवा तो आला तेव्हा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर (धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या टप्प्यावर), फलंदाजीला किंवा त्याच्या पाठोपाठच्या क्रमांकावर होता, किंवा त्याने शेवटच्या किमान तीन इनिंग नीट टाकल्या. या तिसऱ्या कलमाची गंमत २२ ऑगस्ट २००७ ला झाली. टेक्ससने बाल्टिमोरला ३०-३ असं हरवलं आणि वेस लिटलटनच्या नावावर सेव्ह लागला!

शिवाय आठ इनिंगनंतर पुढे असलेला संघ शंभरातले साधारण ९५ सामने जिंकतोच. म्हणून रिव्हेराचे ६५२ सेव्ह, विक्रम असले तरी, बाजूला ठेवू. उरतं काय ते बघा. नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर किती धावा पडल्या ते सांगणारा ईआरए २.२१. मैदान आणि त्या काळातली धावांची रेलचेल हिशोबात घेऊन हाच आकडा मोजतात तेव्हा सरासरी पिचर १०० वर असतो, आणि इथे आकडा जितका जास्त तितका चांगला. रिव्हेरा २०५ वर आहे. हजारावर इनिंग टाकलेल्यांत एवढा आकडा दुसऱ्या कुणाचा नाही. हो, रिलीव्हरला हे थोडं सोपं जातं: तो दम राखून ठेवत नाही आणि फलंदाज त्याला एका सामन्यात सहसा दुसऱ्यांदा भेटत नाही. पण ही सोय सगळ्याच रिलीव्हरना असते.

नसतं ते सातत्य. फिलाडेल्फियाच्या ब्रॅड लिजने २००८ मध्ये ४१ पैकी ४१ सेव्ह केले, बाद फेरीतही एक चुकवला नाही, संघ विजेता झाला. २००९ मध्ये त्याचा ईआरए ७.२१. माणूस तोच, काम तेच. एखादा सुरेख मोसम अनेक रिलीव्हर काढतात, पण वर्षाला साठ-सत्तर इनिंगच्या कामात चेंडूची थोडी दिशा बिघडली तरी सावरायला वेळ मिळत नाही.

“एकच चेंडू यायचा”

जवळपास खरं. दहापैकी आठ-नऊ चेंडू कटर असत. पण इथे क्रिकेटचा कटर डोक्यातून काढा. तो टप्पा पडल्यावर वळतो. हा टप्पा न पडता हवेतच वळतो, आणि तोही अगदी शेवटी.

पकड साध्या वेगवान चेंडूचीच: पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, अंगठा खाली. फरक एवढाच की बोटं मध्यापासून किंचित बाहेर सरकलेली आणि सोडताना दाब मधल्या बोटाचा. मनगट मुद्दाम वळवायचं नाही. वळवलं तर वेग पडतो आणि चेंडू आधीच कळतो. नीट सुटला की उलटी फिरकी थोडी तिरकी होते. ताशी १४५-१५० किलोमीटरने येणारा चेंडू फलंदाजाला सरळ दिसतो आणि त्याची बॅट निघाल्यावर काही इंच सरकतो. पिचरपासून फलंदाजापुढची प्लेट १८.४४ मीटरवर, हाताशी वेळ साधारण ०.४ सेकंद.

रिव्हेरा उजवखुरा, म्हणून चेंडू डावऱ्या फलंदाजाच्या हाताकडे घुसतो. बॅटच्या जाड भागाऐवजी बारीक दांड्यावर बसतो आणि बॅट मोडते. १९९९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, अटलांटाच्या रायन क्लेस्कोने त्याच्यासमोर एकाच खेपेत तीन बॅटी मोडल्या. दोन्ही हातांनी खेळणारे काही जण रिव्हेरासमोर चक्क उजवे उभे राहत, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या उलट.

कटर फसतो तोही असाच सहज: दाब कमी पडला की तो सपाट राहतो आणि प्लेटच्या मधोमध आलेला सपाट चेंडू प्रेक्षकांत जातो. १,२८३⅔ इनिंगमध्ये रिव्हेराला ७१ होम रन बसले आणि त्याने २८६ वॉक दिले, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला पहिला बेस फुकट दिला. फलंदाजाला चेंडू कोणता ते माहीत होतं. तो प्लेटच्या कुठल्या कडेवर येणार, हे माहीत नव्हतं.

“स्टार्टर म्हणून नापास”

खरं आहे. १९९५ मध्ये दहा सामन्यांची सुरुवात त्याने केली, वर्षाचा ईआरए ५.५१. तेव्हा त्याच्याकडे कटर नव्हताच. तो सापडला जून १९९७ मध्ये, रमिरो मेंडोसाबरोबर साधी फेकाफेकी करताना. जमलेल्या कामावरून माणूस जोखायचा की न जमलेल्या?

“ऐन वेळी ढेपाळला”

बाद फेरीत ४७ संधींत ४२ सेव्ह, ईआरए ०.७०, १४१ इनिंगमध्ये दोनच होम रन. चुकलेल्या पाचांत २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यातली ॲरिझोनातली नववी इनिंग मात्र त्याचीच. २-१ अशी आघाडी, आठवीत तिघांना स्ट्राइकआउट केलेलं. नववीत त्याने एका बंटवर (बॅट नुसती लावून जवळच पाडलेल्या चेंडूवर) दुसऱ्या बेसकडे वेडावाकडा चेंडू फेकला आणि बाद होऊ शकणारा गडी वाचला. पुढे टोनी वोमॅकच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) बरोबरी झाली. मग बेस भरलेले, जिंकणारी धाव रोखायला क्षेत्ररक्षक पुढे ओढलेले, आणि लुइस गोन्झालेसचा अर्धवट फटका नेमका त्यांच्या डोक्यावरून पडला.

२००४ चा बोस्टनविरुद्धचा चौथा सामनाही त्याच्याच खात्यात: मिलारला वॉक, डेव्ह रॉबर्ट्सची बेसची चोरी (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर धाव), म्युलरचा फटका. पाचव्या सामन्याचं तसं नाही. तो आला तेव्हा टॉम गॉर्डनने पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं ठेवली होती आणि एकही बाद नव्हता. एका उंच झेलावर तिसऱ्या बेसवरचा धावून आला. नियमाप्रमाणे धाव गॉर्डनच्या खात्यावर, चुकलेला सेव्ह रिव्हेराच्या.

“रूथपेक्षा जास्त मतं”

२०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५. रूथला १९३६ मध्ये २२६ पैकी २१५. यावरून रिव्हेरा रूथपेक्षा मोठा असं कुणी जाणकार म्हणत नाही; अकरा जणांनी रूथला मत का दिलं नाही, ते त्या अकरांना विचारायला हवं होतं. १९९२ मध्ये पिचर टॉम सीव्हरलाही नेमकी ४२५ मतं पडली होती, पण मतपत्रिका होत्या ४३०. हुकलेल्या पाचांपैकी तीन कोऱ्या होत्या, जुगारापायी बंदी आलेल्या पीट रोज या खेळाडूला यादीबाहेर ठेवल्याचा निषेध म्हणून.