सिंहाचं भाडं

अंथरुणात पाय सरकवले आणि मी किंचाळलेच. पायाशी काहीतरी मऊ, केसाळ, ऊबदार! निघाली लोकरीच्या खोळीत घातलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. केनियातल्या मसाई माराचं पठार दीड हजार मीटर उंचीवर आहे, रात्री हुडहुडी भरते, म्हणून लॉजवाले पाहुण्याच्या अंथरुणात ती ठेवून जातात. तंबू म्हणायचा, पण आत पितळी नळ, लिहायचं टेबल, जेवायला जाताना भाला घेऊन सोबत चालणारा मसाई रखवालदार. थोडी लाज वाटावी इतकी चैन. नैरोबीत अकरा वर्षं काढल्यावर रहिवाशांच्या सवलतीच्या दरात, तेही हंगाम नसताना, ती आम्हाला परवडली.

हे लॉज मारा राखीव क्षेत्रात नाही, त्याला लागून असलेल्या नाबोइशो कंझर्व्हन्सीत, म्हणजे खासगी जमिनीवरच्या संरक्षित रानात आहे. ५०० हून अधिक मसाई जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र करून २०१० मध्ये ही सुमारे ५०,००० एकरांची कंझर्व्हन्सी उभी केली. जमीन त्यांच्याच नावावर, लॉजवाले भाडेकरू. तंबू मोजके, प्राण्याजवळ गाड्याही मोजक्याच. आमचा गाईड स्वतः इथला जमीनमालक. एका दुपारी बाभळीखाली गाडी थांबवून तो मला फोनवरचा बँकेचा मेसेज दाखवत होता. महिन्याचं भाडं जमा झालं होतं. म्हणाला, "सिंह दिसो न दिसो, हे येतं." दोनेकशे पावलांवर दोन सिंहिणी सावलीत पसरल्या होत्या. त्यांच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

तिकडे आपल्याकडे वाद वेगळाच. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. त्याचे व्हिडिओ फिरले, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मग नेहमीची जुंपली. एक म्हणतो सफारी महाग करा, गर्दी आपोआप हटेल. दुसरा विचारतो, वाघ काय फक्त श्रीमंतांनी बघायचा? मी पहिल्याच्या बाजूची होते. पण मारा राखीव क्षेत्रात जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे, आणि तरीही विल्डबीस्ट हरणांचे कळप नदी ओलांडू लागले की काठावर गाड्यांची अशी झुंबड उडते, की कऱ्हांडला बरं म्हणावं. नुसत्या महागाईने काही होत नाही. पैसा कोणाच्या खात्यात जातो ते बघायला हवं.

माझा मावसभाऊ ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, शेती करतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर वीज रात्रीची. रानडुकरांमुळे जागल वेगळीच. त्याच्या बांधावरून वाघ जातो, त्याच वाघासाठी पलीकडच्या रिसॉर्टात लोक मुक्कामाला येतात. गावातली पोरंपोरी गाईड झाली, जिप्सी चालवतात, ते चांगलंच आहे. पण ज्याच्या शेतातून वाघ जातो त्याला त्या मुक्कामातलं काय मिळतं? वाघाने माणूस मारला तर सरकार घरच्यांना २५ लाख देतं. कोणी मेलं नाही, तर रोजच्या भीतीचे पैसे नाहीत. रिसॉर्टवाल्याने त्याला वाघासाठी महिन्याचं भाडं द्यावं, असं मी मागे त्याला फोनवर म्हटलं होतं.

केनियाची आरती ओवाळायची नाही मला. सामूहिक कुरणं वाटली गेली तेव्हा सातबारा, म्हणजे इथला जो काही उतारा असेल तो, बहुतेक पुरुषांच्या नावावर झाला, त्यामुळे भाडंही त्यांच्याच हाती. लॉजचे मालक सहसा मसाई नसतात. गुरं कुठे आणि कधी चारायची यावर बंधनं आहेत, आणि दुष्काळात ती जाचतात. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा माऱ्यातल्या कंझर्व्हन्सींमध्ये भाड्याला कात्री लागली. पाहुण्यांवर पोट अवलंबून ठेवण्याचा धोका तेव्हा उघडा पडला. शिवाय ताडोब्याचं जंगल सरकारी आहे, मसायांसारखी हजारो एकर खासगी कुरणं तिथे नाहीत. सगळं जसंच्या तसं उचलून नेता येणार नाही. बफरमधली शेतं मात्र शेतकऱ्यांचीच आहेत, आणि वाघांना एका जंगलातून दुसऱ्यात जायला ती लागतातच. तेवढ्या पट्ट्यांचं भाडं ठरवायला काय हरकत आहे? रिसॉर्टच्या एका रात्रीच्या बिलातून ते सहज वळतं करता येईल.

निघायच्या सकाळी मी त्या दोन सिंहिणींचा फोटो भावाला पाठवला, खाली गाईडच्या भाड्याची हकीकत लिहिली. त्याचं उत्तर दुपारी आलं, "फोटो मस्त आहे, ताई. भाड्याचं सावकाश बोलू. आज लाइन रात्री बारानंतर आहे, आता जरा झोपतो."