आधी लोगो ठरू दे

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी सलग बसून कोड लिहायची सरकारी स्पर्धा, २०१७ साली सुरू झाली. नियम सोपा: सहा जणांची टीम, त्यात निदान एक मुलगी. त्यामुळे कॉलेजात निवड फेरी लागली की आम्ही पोरं एकदम सभ्य होतो. वर्गात जिला खरोखर कोडिंग येतं, तिच्याकडे आम्ही पाच जण इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. तिने एकच विचारलं, "टीमचा कोड एकत्र ठेवायच्या गिटवर दोघांच्या बदलांची टक्कर झाली, मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, तर काय करता?"

"नवीन फोल्डर करतो," आमचा लीडर छाती काढून म्हणाला.

तरी तिने आम्हाला घेतलं. दयाळू आहे.

१९९९ साली कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी मंडळी अशाच हॅकेथॉनला जमली होती. अमेरिकेच्या क्रिप्टोग्राफी (माहिती कुलूपबंद करणारा कोड) निर्यातीच्या कायद्यांची कटकट टाळून, एकत्र बसून कोड लिहायला. कोड! भोळी माणसं. आम्ही लोगोपासून सुरुवात केली. मेंदू हवा की रॉकेट, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी मेंदूतून रॉकेट निघालं. मग पीपीटी. त्यात एआय, ब्लॉकचेन आणि आयओटी बाणांनी जोडून टाकले. परीक्षक म्हणे बाणच बघतात.

विषय अर्थातच शेतकरी. शेतीतलं कुणालाच काही कळत नाही, पण एकाचं घर लासलगावजवळ. त्याच्या वडिलांना स्पीकरवर घेतलं.

"काका, आमचं ॲप तुम्हाला कांद्याचा भाव सांगेल."

"तो येतो की मला व्हॉट्सॲपवर. ट्रॅक्टर लावल्यावर लिलावाला माझा नंबर कधी लागणार, ते सांगेल का?"

आम्ही गंभीर चर्चा केली. ते पीपीटीत बसत नव्हतं.

छत्तीस तासांची रंगीत तालीम हॉस्टेलच्या खोलीत. सहा लॅपटॉप, एक सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड आणणाऱ्याला त्या रात्री लीडरपेक्षा जास्त मान होता. वायफाय गेलं म्हणून प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घ्यायला लागलो, तर नोड मॉड्यूल्सच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या आयत्या कोडच्या, हजारो बारक्या फायली. 'दोन मिनिटं शिल्लक' असं दिसलं, आम्ही मेसमध्ये जेवून आलो, तरी दोनच मिनिटं शिल्लक! तेवढ्यात लीडरच्या आईचा फोन: "छत्तीस तास बसणार? मग आंघोळ कधी करणार रे?" यावर कुणाकडेच स्लाइड नव्हती.

या सगळ्या गडबडीत तिने कोपऱ्यात बसून काकांच्या ट्रॅक्टरला टोकन नंबर देणारं पान लिहून टाकलं होतं. चालतही होतं.

"डेमो कोण देणार?" तिने विचारलं.

पाचही हात एकदम वर.