पॅनलचं दार उघडं टाकून मशीन थंड होत नसतं

"सीएनसीचं पॅनल तापतंय? एसीवर पैसे घालवू नका. दार उघडा, समोर टेबल फॅन लावा, फिल्टरची जाळी काढून टाका, आठवड्याला कॉम्प्रेसरची हवा मारा. २० वर्षांचा अनुभव."

हा फॉरवर्ड महिनाभर सोलापुरातल्या वर्कशॉपवाल्यांत फिरतोय. सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं मशीन, आणि पॅनल म्हणजे त्याची विजेची पेटी. मला तीनदा आला, तीनदा पुसला. परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाच्याच्या शेडमध्ये गेलो, तर तिथं अंमलबजावणी झालेली! टर्निंग सेंटरच्या (सीएनसी लेथच्या) मागचं पॅनलचं दार वायरीच्या तुकड्यानं बांधून उघडं, समोर स्टुलावर फॅन. दार उघडं असताना मेन स्विच चालू होऊ नये अशी सोय असते, ती पक्कडीनं फिरवून गप्प केलेली. ओएच ७०० चा, म्हणजे कंट्रोलर तापल्याचा अलार्म आला होता म्हणे. "मामा, सगळेच करायलेत की."

सगळे करतात म्हणून काय झालं? फॅन हवा हलवतो, हवा थंड करत नाही. उन्हाळ्यात आपल्याला गार वाटतं ते मुख्यतः घाम वाळतो म्हणून. पॅनलमधल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला घाम येत नाही. मे महिन्यात सोलापूरची हवाच ४२-४३ अंशांवर जाते, पत्र्याखाली त्याहून जास्त. तीच हवा तुम्ही ड्राइव्हवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटवर सोडताय, आणि एकटी नाही.

भाच्याच्या शेजारी टॉवेलचे माग आहेत, भाच्याकडे बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम. ड्राइव्हच्या पंख्याच्या जाळीवर राखाडी लवेचा थर होता. बोटानं काढून कागदावर ठेवला आणि खालून चुंबक फिरवला. थरातले काळे कण उभे राहून चुंबकामागं चालायला लागले. बीडाची पूड! कूलंटच्या (कापताना धातूवर सोडतात त्या द्रवाच्या) तेलकट वाफेत हे सगळं कालवून कार्डावर चिकटतं. तिथं चिपच्या दोन पायांमधलं अंतर मिलिमीटरात, आणि ड्राइव्हच्या आत डीसी बाजूला ३०० व्होल्टच्या आसपास. लोखंडाच्या पुडीनं तिथं शॉर्ट कसं होतं ते भाचा चुंबक बघूनच समजला.

फॉरवर्डवाल्याचा अनुभव २० वर्षांचा असेल. ज्यानं कंट्रोलर बनवला त्याचं काय? फॅनुक या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या हार्डवेअर जोडणीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की कॅबिनेट पूर्ण बंद हवं, हवेतली धूळ आणि कूलंट आत येता कामा नये. पॅनलवर आयपी ५४ असा संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो, त्यातला ५ धुळीचा आणि ४ उडणाऱ्या पाण्याचा. दार उघडलं की दोन्ही शून्य.

कॉम्प्रेसरची हवा तर विचारूच नका. टाकीखालचा नळ शेवटचा कधी उघडला होता? त्या हवेत पाणी असतं, तेल असतं. वरची धूळ उडाल्यासारखी दिसते, खरं तर ती कनेक्टरच्या आत जाऊन बसते. साफ करायचंच तर मेन बंद करा, ड्राइव्हवरचा चार्जचा लाल दिवा विझू द्या, मग मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. जाळी काढून टाकण्यावर मी शब्द खर्च करत नाही.

एक मान्य करतो, नाइलाजानं. पॅनलमध्ये हवा खेळती हवी हे खरं आहे, पण आतल्या आत. पेटीचा पत्राच उष्णता बाहेर टाकतो. आत पंखा फिरत असेल तर दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण ६ वॉट. ४ चौरस मीटरची पेटी बाहेरपेक्षा १० अंश गरम असेल तर २४० वॉट गेले. छोट्या मशीनला हिवाळ्यात एवढ्यावर भागेलही. मोठ्या ड्राइव्हला नाही, आणि उन्हाळ्यात बाहेरच ४३ असताना तर नाहीच. मग एसी लावलेला बरा. तो वीज खातो, हेही खरं. पण म्हणून त्याला २० वर लावणारेही शहाणे नव्हेत. ३५ पुरे. २० वर लावून पावसाळ्यात दार उघडलंत की दमट हवा गार कार्डावर बसते आणि तेव्हा मात्र कार्डाला घाम येतो.

भाच्याचा अलार्म मुळात आला कशानं, हे सापडायला दहा मिनिटं लागली. एसीच्या बाहेरच्या जाळीवर टॉवेलची लव इतकी बसलेली, की ओढल्यावर अख्खा पापुद्राच निघाला, लहान पोराच्या रुमालाएवढा. जाळी धुतली, वाळवली, लावली, दार बंद केलं. संध्याकाळपर्यंत मशीन न थांबता चाललं. दर शनिवारी जाळी काढून धुवायची, असं पॅनलच्या दारावर खडूनं लिहून आलोय. बाहेरून लिहिलंय, वाचायला दार उघडावं लागू नये म्हणून.