आईवडिलांच्या गोळ्या आणि दुभाषी झालेली मुलं

मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे. "आई गोळ्या वेळेवर घेतच नाहीत, किती सांगायचं!" ही तक्रार आपली मराठी मुलं-सुना काउंटरवर सारखी करतात. मला आज आईवडिलांच्या बाजूने बोलायचंय.

उतारवयात मुलांकडे कायमची राहायला आलेली ही माणसं. ६५ च्या पुढे असली, तरी ग्रीन कार्डावर आलेल्यांना इथे सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही. तोवर खर्च मुलाच्या खिशातून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग गोळी सुरीने अर्धी होते. भारतातून आणलेल्या पिशवीत कात्रीने कापलेल्या स्ट्रिपा निघतात, नाव गेलेलं, एक्स्पायरीची तारीखही कापली गेलेली. शेजारी इथली बाटली. बीपीची टेल्मा म्हणजेच इथली टेल्मिसार्टन, क्रोसिन आणि टायलेनॉल एकच, हे कुणी सांगितलेलंच नसतं. कुणी दोन्ही घेतं, कुणी घाबरून एकही नाही.

एक काकू बीपीची लघवी वाढवणारी गोळी बाहेर जायचं असलं की गाळायच्या. हायवेवर गाडी थांबवा, असं जावयाला कसं सांगणार? एक काका संकष्टीला मधुमेहाची ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घ्यायचे आणि दुपारी घामाघूम होऊन थरथरायचे. साखर उतरायची. डॉक्टरांना दोन्हीचा पत्ता नव्हता. कारण तपासणीच्या खोलीत दुभाषी म्हणून घरचंच माणूस बसलेलं, आणि त्याच्यासमोर असलं काही तोंडातून निघत नाही. शिवाय आईने उत्तर द्यायच्या आत "हो, सगळं व्यवस्थित घेते" असं आपणच सांगून मोकळे होतो! शाळकरी नातवंडांना तर यात अजिबात ओढू नका.

सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषी फुकट द्यावाच लागतो. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या इथल्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ मध्ये हा हक्क आहे. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. बहुतेक वेळा तो फोनवर असतो. हिंदी चालेल का, असं विचारलं तर उत्तर आईला देऊ द्या. आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. काकूंनी पहिल्यांदा मोकळेपणी सांगितलं ते असंच, फोनवरच्या अनोळखी बाईला. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. आता त्या ती रोज घेतात.